मरणाच्या दारात कविता कुणाशी बोलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या वाचकाचे वडील नुकतेच गेले. घरच्या मोठ्यांनी गीता वाचायला दिली, मित्रांनी तत्त्वज्ञानाची पुस्तके आणून दिली. ते विचारतात, मृत्यू, प्रेम आणि जगण्याचा अर्थ यांबद्दल धर्म बोलतो, तत्त्वज्ञान बोलते. मग कथा-कविता-नाटकाने वेगळे काय केले? साहित्याला याचे उत्तर सापडते का? आणि वाचायचेच तर सुरुवात कुठून करावी?

मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवली, आजही एक वाचनमंडळ चालवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा आला आहे, बहुतेकदा एखाद्या घरी दिवस झाल्यानंतरच. मला जे दिसले ते आधी सांगते. तत्त्वज्ञान मरणाविषयी बोलते. चांगली कविता मात्र मरणाच्या दारात उभी राहून कुणाकडे तरी वळते आणि त्याच्याशी बोलते. देवाशी, शेजाऱ्यांशी, पावसाशी, दारात आलेल्या ज्योतिषाशी. कुणाशी बोलते आहे एवढे नीट पाहिले, की प्रेम आणि जगण्याचा अर्थ हे दोन्ही विषय आपोआप त्यातच हाती लागतात. ते वेगळे शोधावे लागत नाहीत.

आपल्याकडचेच सर्वांत मोठे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे 1290 ची. दुसऱ्या अध्यायात आत्मा मरत नाही हे ज्ञानेश्वरांनी जितक्या गोडीने सांगितले आहे तितके मराठीत नंतर क्वचितच कुणी सांगितले असेल. ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे’ ही ओवी तर दहाव्या-बाराव्याच्या प्रवचनात हमखास येते. तुमच्याकडेही आली असणार. यानंतर सहाच वर्षांनी, 1296 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत निवृत्तीनाथांची अवस्था सांगितली आहे. निवृत्तीनाथ थोरले भाऊ, आणि ज्ञानेश्वरांचे गुरूही तेच. जीर्ण वस्त्राचे ज्ञान ज्यांच्याकडून आले ते हे गृहस्थ. त्यांच्याबद्दल अभंग म्हणतो:

निवृत्तिदेव म्हणे करितां समाधान ।
कांहीं केल्या मन राहात नाहीं ॥
बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट ।
ओघ बारा वाट मुरडताती ॥
बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा ।
तृण रानोमाळा पांगतसे ॥

‘करितां समाधान’ इथे जरा थांबा. निवृत्तीनाथ स्वतःची समजूत घालत आहेत. कशाने घालत असतील? जे ज्ञान त्यांनी धाकट्या भावाला दिले त्यानेच. ते ज्ञान खोटे आहे असे अभंग कुठेही म्हणत नाही. समजूत घालून झाली, मन राहिले नाही, एवढेच तो म्हणतो. मग तळे फुटते आणि पाणी बारा वाटांनी धावते. पेंढीचा आळा, म्हणजे गवताचीच पिळून बांधलेली दोरी, सुटतो आणि गवत रानोमाळ होते. चार भावंडांना एकत्र धरून ठेवणारे जे काही होते ते गेले, हे सांगायला यापेक्षा नेमके काय असेल? पुढे तर निवृत्तीनाथ म्हणतात, ‘मायबापें आम्हां त्यागियेलें जेव्हां । ऐसें संकट तेव्हां जालें नाहीं’. आईबाप गेले तेव्हा ही मुले अगदी लहान होती, गावाने वाळीत टाकलेली होती. तेव्हाही असे झाले नव्हते.

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे माझे उत्तर या सहा ओळींत आहे. ज्ञानेश्वरी आणि समाधीचे अभंग एकमेकांना खोडत नाहीत. दोन्ही एकाच संप्रदायाने उराशी धरले आणि वारकरी आजही दोन्ही म्हणतात. फक्त ज्ञान सांगून संपते त्या ठिकाणी हे अभंग सुरू होतात. म्हणून गीता वाचूनही रडू येत असेल तर आपले काही चुकते आहे असे मानू नका. निवृत्तीनाथांनाही आले होते.

तुकारामांकडे येऊ. त्यांच्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे आणि तो मला अतिशय टोचतो. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली. पुढे त्यांनी लिहिले:

बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता ॥
विठो तुझें माझें राज्य । नाहीं दुसऱ्याचें काज ॥
बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली ॥
पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें ॥
माता मेली मज देखतां । तुका म्हणे हरली चिंता ॥

हा अभंग ‘वैराग्याचा परमोच्च बिंदू’ म्हणून शिकवला जातो. मोठ्याने वाचून पाहा. मेला, मेली, मेलें, मेली. एकेका ओळीत एकेक मढे. आणि मध्ये काय? ‘विठो तुझें माझें राज्य’. सगळे घर रिकामे झाल्यावर उरलेल्या एकाला तुकाराम हाक मारतात. त्या हाकेत भक्ती आहे, तशीच मला तरी तक्रारही ऐकू येते: घे, आता आपण दोघेच. ज्याला हे जास्तीचे वाटत असेल त्याने त्यांचा आत्मचरित्रपर अभंग शेजारी ठेवावा. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. बायको मेली आणि बरे झाले असे वाटणारा माणूस ‘अन्न अन्न’ हे शब्द जपून ठेवत नाही. हा दुसरा अभंग तुकाराम संतांना सांगत आहेत. सुरुवातीलाच ते म्हणतात, हे बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून तुमचा शब्द पाळतो. देवासमोर ‘मुक्त जाली’ आणि जिवाभावाच्या माणसांनी विचारल्यावर ‘अन्न अन्न करितां मेली’. दोन्ही खरे. दुःख माणसागणिक वेगळे बोलते हे ज्याने सुतक पाळले आहे त्याला सांगावे लागत नाही. आलेल्या पाहुण्यांशी आपण एक बोलतो आणि रात्री भावाशी दुसरेच.

परीक्षेत आम्ही विचारत असू: ‘कवीचा मृत्यूविषयक दृष्टिकोन स्पष्ट करा.’ या प्रश्नाने पिढ्यांचे नुकसान केले आहे. मुले अभंगातून दृष्टिकोन उपसून काढतात आणि बोलणारा माणूस तिथेच टाकून देतात.

आता बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती टिपून ठेवली. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ‘अरे जगनं-मरनं, एका सासाचं अंतर’ ही त्यांची ओळ सगळ्यांना पाठ असते. पण मी वाचनमंडळात नेहमी दुसरे गाणे घेते. त्या तिशीत असतानाच नवरा गेला, पदरी लहान मुले. त्या म्हणतात:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुकू
रेखा उघडी पडली

वैधव्यावर मराठीत लिहिलेले इतके कमी शब्दांतले आणि इतके भेदक मला दुसरे ठाऊक नाही. नवरा गेला हा शब्दच नाही. कुंकू पुसले आणि कपाळावरची नशिबाची रेघ उघडी पडली. या कडव्यावर गाणे संपले असते तर ते नशिबापुढे मान तुकवणारे गाणे झाले असते. पुढे मात्र बाई कपाळावरून तळहातावर येतात. देवाघरचा धनाचा झरा आटला आहे, आणि धनरेषेच्याच चऱ्यांनी तळहात फाटला आहे. मग त्या म्हणतात, ‘नाही नशीब नशीब, तयहाताच्या रेघोट्या’. रेषेच्या झाल्या रेघोट्या! देवाकडे मागणे एकच, ‘राहो दोन लाल सुखी’. आणि शेवटी:

नको नको रे ज्योतिषा
नको हात माझा पाहू
माझं दैव माले कये
माझ्या दारी नको येऊ

इथे आल्यावर कळते की हे सगळे दारात उभ्या असलेल्या ज्योतिषाला उद्देशून चालले होते. गाणे पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. तरुण विधवेच्या दारात भविष्य सांगायला माणूस येतो, आणि ती त्याला रडून नाही, हिशेब मांडून परत पाठवते. जगण्याचा अर्थ काय, असे या बाईला कुणी विचारले असते तर तिने बहुधा कामाला हात घातला असता. पण ‘राहो दोन लाल सुखी’ आणि ‘माझं दैव माले कये’ या दोन वाक्यांमध्ये जो काही अर्थ आहे तो पुरेसा आहे. तो कुठल्या व्याख्येत बसत नाही.

बहिणाबाई एकट्या नव्हत्या हेही लक्षात ठेवा. जात्यावर बसून बायकांनी शतकानुशतके हेच केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत आई, भाऊ, मैत्रीण, सीता, अगदी जातेसुद्धा समोरच्या माणसासारखे असते. घरात ज्या बाईचे कुणी ऐकत नव्हते तिने ऐकणारा दगडाचा केला.

प्रेमाकडे वळते. इंदिरा संत बेळगावच्या. पती ना. मा. संत यांच्यासोबतचा ‘सहवास’ हा संग्रह 1940 चा. 1946 मध्ये ते गेले. ‘शेला’ हा त्यांचा स्वतंत्र संग्रह 1951 चा. त्यांची ‘नको नको रे पावसा’ ही कविता शाळेत असताना तुम्ही चालीवर म्हटलीही असेल. घर चंद्रमौळी, दारात सायली, आणि पाऊस नुसता कोसळतो आहे. बाई पावसाला दटावतात: कौलावरून असा नाचू नकोस, गळतीखाली ठेवायला तांबे-सतेली-पातेली मी कुठून आणू? गृहिणीची ही काळजी आहे, आणि अगदी खरी आहे. मग सूर बदलतो. ‘वाटेवरी माझा सखा, त्याला माघारी आण ना’. वेशीपुढे आठ कोस धाव, विजेला सांग, त्याला मागे फिरव. आणि एवढे केलेस तर हवा तेवढा धिंगाणा घाल, मी मुळी बोलणार नाही. उलट ‘पितळेची लोटीवाटी तुझ्यासाठी मी मांडीन’.

भांड्यांकडे पाहा. आधी गळतीखाली मांडायला भांडी नव्हती. आता त्याच पावसासाठी पाहुण्यासारखी लोटीवाटी मांडली जाणार आहे. ज्या घराची इतकी जपणूक चालली होती ते घरच बाई पावसाच्या हवाली करतात, फक्त तो परत यावा. प्रेम म्हणजे काय याचे एक अक्षर कवितेत नाही. एका माणसापुढे बाकीच्या वस्तूंची किंमत किती उरते, एवढे मात्र चोख दिसते. कवयित्रीचे वैधव्य ठाऊक असलेल्या वाचकाला ‘माघारी आण ना’ वेगळे ऐकू येते हे खरे. पण चरित्र फार पुढे आणू नये असे माझे मत आहे. कवितेतला सखा फक्त वाटेवर आहे. त्याला वाटेवरच राहू द्यावे.

भा. रा. तांब्यांनी प्रेम आणि मरण एकाच कवितेत इतके बेमालूम घातले की कित्येक लग्नांत लोक ते गाणे लावतात. ‘नववधू प्रिया, मी बावरते, लाजते, पुढे सरते, फिरते’. नवरी म्हणजे जीव, सासर म्हणजे पलीकडले घर, नवरा म्हणजे न्यायला आलेला तो. तिला सगळे कळते. तोच प्राणसखा, तोच आधार. तरी ‘मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा’. बागबगीचा, मळा सोडताना मन चरचरते. तांब्यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ ही कविता जास्त प्रसिद्ध आहे आणि तिच्यातही तथ्य आहे. आपण गेलो तरी सूर्य तळपेल, चंद्र झळकेल. पण तिथे कवी स्वतःलाच समजावतो आणि अखेरीस जरा घाईने शांतीला पोहोचतो. नववधूची घालमेल मला अधिक खरी वाटते. मरणाकडे जाणारा माणूस पुढेही सरतो आणि फिरतोही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांनी हे पाहिलेले असते.

मग बोलायला समोर कुणीच नसले तर? हाही अनुभव साहित्याने घेतला आहे, आणि प्रामाणिकपणे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह 1947 चा. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

उंदीर कुणाला हाक मारत नाहीत आणि कवीही मारत नाही. ओठाला ओठ लागले ते प्रेमाने नाही. पिपात गर्दी होती म्हणून. तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी या एका कवितेत आहेत आणि तिन्ही उलट्या पडल्या आहेत. मरण आहे पण मारणारा नाही, चुंबन आहे पण आसक्ती नाही, आणि अर्थाच्या जागी ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’. या कवितेला निराशावादी म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ भेटतात. मला ती तशी वाटत नाही. माणसाचे मरण बेवारशी होऊ शकते हे त्या काळात पाहून जो गप्प राहिला नाही, त्याच्या मनात माणसाबद्दल कळवळा होता म्हणूनच तो बोलला.

नाटकाचे एकच उदाहरण देते, कारण त्यात तेराव्याचा खर्च आहे आणि तो विषय कवितेत येत नाही. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ 1985 चे. वऱ्हाडातल्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ता पुरुष गेला आहे. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आला आहे आणि दिवसांच्या जेवणावळीला पैसा कुठून आणायचा यावर घर खदखदते आहे. जुन्या इभ्रतीला शोभेल असे करायचे तर विकायचे काय? गेलेल्या माणसाबद्दल बोलायला कुणाला उसंतच नाही. ज्यांनी घरात असे दिवस पाहिले आहेत त्यांना हे नाटक क्रूर वाटणार नाही. पैशाच्या भांडणाआड दुःख कसे अडकून बसते हे त्यांना ओळखता येईल.

मराठीबाहेरचे एकच. टॉलस्टॉयची 1886 मधली ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा. सुरुवात मरणाच्या बातमीने होते आणि सहकाऱ्यांच्या मनात लगेच येते की आता बढती कुणाला. मग आपण मागे जातो. नव्या घराचे पडदे नीट लावून दाखवताना इव्हान शिडीवरून घसरतो, कुशीला मार लागतो, दुखणे सुरू होते. पण खरा छळ दुखण्याचा नाही. तो मरतो आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे म्हणतात, नुसता आजार आहे, औषध घ्या, बरे वाटेल. घरात खोटे न बोलणारा एकच, गेरासिम नावाचा शेतकरी कुळातला नोकर. तो तासन्‌तास मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण तेवढ्याने दुखणे हलके होते. आपण सगळेच मरणार, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत, असे तो सरळ म्हणतो. अगदी शेवटी इव्हानचा हात शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो, मुलगा तो हात धरून ओठांना लावतो आणि रडतो. तेव्हा कुठे इव्हानला आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाची कणव येते. निवृत्तीनाथांपासून जी गोष्ट मी सांगते आहे ती इथे उलट बाजूने दिसते. मरणाऱ्याशी कुणी खरे बोलले नाही तर काय होते, ते टॉलस्टॉयने पानापानावर दाखवले.

तेव्हा साहित्याला उत्तर सापडते का? तुम्ही ज्या अर्थाने विचारता त्या अर्थाने नाही. मरणानंतर काय, हे ना नामदेवांनी सांगितले ना टॉलस्टॉयने. पण तुम्ही वडिलांशी अजून मनात बोलत असाल. त्यांना काही विचारायचे राहिले असेल, एखाद्या गोष्टीचा राग सांगायचा राहिला असेल. ते बोलणे वेडेपणाचे नाही आणि ‘आता सोडून द्या’ म्हणून सुटणारेही नाही. त्याला शब्द देणारी माणसे सातशे वर्षांपूर्वीपासून आपल्या भाषेत आहेत, आणि त्यांच्यापाशी बसता येते.

सुरुवात कुठून करावी? पहिल्या काही महिन्यांत मोठी पुस्तके हाती घेऊ नका. दुःखात लांब वाक्य डोक्यात शिरत नाही, पान उलटले तरी मागचे आठवत नाही. अभंग आणि ओवी त्या वेळी सोसवतात, कारण चार ओळींत एक श्वास पुरा होतो. नामदेवांच्या गाथेत ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ अशी प्रकरणे असतात. त्यांतले ‘समाधी’ घ्या. रोज एक अभंग, मोठ्याने. घरात आई असेल तर तिच्यासमोर वाचा. तिला कदाचित पाठ असतील आणि ती तुमची चूक दुरुस्त करील. तेवढ्याने दोघांचे बोलणे सुरू होते असे मी अनेक घरांत पाहिले आहे. बहिणाबाई त्यानंतर. इंदिरा संत थोड्या उशिरा, आठवण आली तरी हात थरथरत नाही असे वाटेल तेव्हा. टॉलस्टॉय वर्षश्राद्धानंतर घ्या. वडिलांचे दुखणे लांबलेले असेल तर आणखी उशिरा, कारण त्यातल्या घरच्यांमध्ये माणूस स्वतःला शोधू लागतो आणि नसलेला दोषही अंगाला लावून घेतो. मर्ढेकर आत्ता अजिबात नको. पुढे कधीतरी वाचा, आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने.